सोडणारा आणि उडवणारा

बेंगळूरूच्या चामराजपेटमध्ये पत्ता दोन आकड्यांत संपतो: कितवा मेन आणि कितवा क्रॉस. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने १८९२ मध्ये जुन्या पेठांना लागून ही वस्ती आखली गेली. पाच सरळ लांब रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे नऊ आडरस्ते, की झालं चामराजपेट. इतका आटोपशीर पत्ता फार उपयोगी पडतो अशी एक जागा म्हणजे मॉडेल विमानाचा पंख. तिथे लिहायला जागा असते बोटभर.

पंखावर पत्ता लिहायची रीत जुनी आहे. या छंदाचा मूळचा प्रकार म्हणजे ‘फ्री फ्लाइट’. विमानाला दोरी नाही, रेडिओ नाही. एकदा हातातून सुटलं की ते आपल्या मर्जीचं. सकाळी जमीन तापू लागली की तिच्यावरची हवा फुग्यासारखी वर उठते. अशा उठत्या हवेत, म्हणजे ‘थर्मल’मध्ये सापडलेलं शंभर-दोनशे ग्रॅमचं विमान घारीसारखं गिरक्या घेत चढत जातं आणि ठिपका होऊन दिसेनासं होतं. ते दोन गावं पलीकडे कुणाच्या शेतात उतरेल हे कोण सांगणार? म्हणून पंखावर चिठ्ठी चिकटवायची: सापडल्यास कृपया या पत्त्यावर कळवा.

माणूस गेल्यावरही ती चिठ्ठी पंखावर राहते. या छंदातल्या माणसाला आपला जुना सोबती आठवतो तो बहुधा अशाच एखाद्या वस्तूतून. पत्ता त्याच्या अक्षरात असतो आणि त्या पत्त्यावर आता तो नसतो.

एकट्याने होत नाही

मॉडेल विमान बांधायला एक माणूस पुरतो. रात्री दिव्याखाली बसावं, बाल्साच्या पातळ फळीतून धारदार पात्याने फासळ्या कापाव्यात, आराखड्यावर टाचण्या टोचून त्या उभ्या कराव्यात, वर पातळ कागद ताणून डोप नावाचं वार्निश फासावं. बाल्सा हे मुळात दक्षिण अमेरिकेतलं झाड. आजही त्याचं बहुतेक लाकूड इक्वेडोरमधून येतं. झाड वेगाने वाढतं, पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या राहतात, त्यामुळे वाळल्यावर लाकूड इतकं हलकं होतं की हातावर घेतलेली फळी पुठ्ठ्याची वाटावी. हे सगळं एकांतातलं काम. मैदानावर गेल्यावर मात्र दुसरा माणूस लागतोच.

रबरावर उडणारं विमान घ्या. आत रबराच्या पट्ट्यांचा पेड असतो आणि तो पिळून सोडला की प्रोपेलर फिरतो. हा पेड आहे तसा पिळला तर थोडेच वेढे बसतात. म्हणून एकाने विमान घट्ट धरायचं आणि दुसऱ्याने रबर आकड्यात अडकवून चार-पाच पट लांब ताणायचं. मग हातड्रिलसारख्या यंत्राने वेढे मोजत, एकेक पाऊल पुढे येत ते पिळायचं. पेड तुटला तर बांगडीच्या काचेसारखा सांगाडा फुटतो. विमान धरणारा त्या क्षणी तोंड वळवून, डोळे बारीक करून उभा असतो आणि मोजणाऱ्याचा आकडा मनात तोही मोजत असतो.

ग्लायडरचंही तसंच. लांब दोरीच्या टोकाला ग्लायडर, दुसऱ्या टोकाला धावणारा. मागचा माणूस ग्लायडर डोक्यावर धरून उभा राहतो आणि दोरीला नेमका ताण आला की हात सैल करतो. लवकर सोडलं तर ते मान टाकतं, उशिरा सोडलं तर वाकडं जातं. हे तंत्र पुस्तकातून येत नाही. समोरच्याच्या धावण्याची चाल ओळखीची झाली की येतं.

‘कंट्रोल लाइन’ प्रकारात तर दोघांची जोडी डोळ्यांना दिसतेच. उडवणारा मध्यभागी उभा. त्याच्या मुठीतल्या हँडलपासून पंधरा ते वीस मीटर लांबीच्या दोन पोलादी तारा विमानापर्यंत गेलेल्या. मनगट वर-खाली केलं की शेपटीचा एलेव्हेटर हलतो आणि विमान चढतं किंवा उतरतं. विमान भोवती गोल फिरतं आणि उडवणारा जागच्या जागी फिरतो. नवखा असेल तर चार-पाच फेऱ्यांत त्याच्याभोवती मैदानही फिरू लागतं. पण विमान सुरू करायचं काम तारांच्या पलीकडच्या टोकाला असतं. जुन्या छोट्या डिझेल इंजिनाला ठिणगीचा प्लग नसे. ईथर, रॉकेल आणि एरंडेल जवळजवळ सारख्या भागात मिसळून त्याचं इंधन घरीच करत. दवाखाना, स्टोव्ह आणि आजीचा एरंडेलाचा चमचा, असा तिहेरी वास त्याला येई. सोबती बोटाने प्रोपेलरला झटके देई, माथ्यावरचा स्क्रू पिळून दाब जमवी, इंजिन नीट गाऊ लागलं की शेपूट धरून बसे आणि मधल्या माणसाने हात वर केला की सोडून देई. इंजिनाच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून सगळा कारभार हातांच्या खुणांनी चालतो. वीस-वीस वर्षं एकमेकांची विमानं सोडणाऱ्या दोघांना त्या खुणाही लागेनाशा होतात.

रेडिओ आल्यावर तरी माणूस एकटा उडवू लागला का? शिकताना नाहीच. गुरूचा एक ट्रान्समीटर, शिष्याचा दुसरा, मध्ये वायर. गुरूने एक कळ दाबून धरली की विमान शिष्याच्या ताब्यात. त्याचं विमान कोलमडू लागलं की गुरूने कळ सोडायची, ताबा परत. या जोडणीला जगभर ‘बडी बॉक्स’ म्हणतात, म्हणजे दोस्ताची पेटी.

आपल्याकडे अनेकांच्या हाती हा छंद आला तो राष्ट्रीय छात्र सेनेतून. एनसीसीच्या हवाई शाखेची पहिली पथकं १ एप्रिल १९५० रोजी मुंबई आणि कोलकाता इथे उभी राहिली. एरोमॉडेलिंग हा त्या शाखेच्या प्रशिक्षणाचा भाग असून वायुसैनिक शिबिरांत त्याच्या स्पर्धाही होतात. कॉलेजच्या पहिल्या वर्षी गणवेशात भेटलेले दोन कॅडेट निवृत्तीनंतरही एकाच बाल्साच्या गठ्ठ्यावरून भांडताना दिसले, तर त्याची सुरुवात बहुधा तिथे झालेली असते.

खेळणं म्हणावं तर

बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. विमानविद्येचा इतिहास मात्र याच खेळण्यांतून गेलेला आहे. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनोने १८७१ मध्ये पॅरिसच्या बागेत रबरावर चालणारं छोटं विमान उडवलं. ते अकरा सेकंदांत सुमारे चाळीस मीटर गेलं. शेपटीच्या साहाय्याने आपलं आपण तोल सांभाळणारं ते पहिलं विमान मानलं जातं. पेनोच्या धर्तीचं एक रबरी हेलिकॉप्टर १८७८ मध्ये अमेरिकेतल्या एका पाद्र्याने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणलं. कॉर्क, बांबू आणि कागद यांचं ते खेळणं मोडेपर्यंत खेळून पोरांनी तसंच दुसरं केलं. ती मुलं म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

बेंगळूरूत तर हा धागा घराजवळ सापडतो. चामराजपेटपासून जवळच, जुन्या बाजाराच्या बाजूला तारामंडलपेट आहे. टिपूच्या काळात तिथे अग्निबाण बनत. लोखंडी नळीत दारू ठासून केलेल्या या म्हैसुरी बाणांचा अभ्यास पुढे याच शहरातल्या रोद्दम नरसिंह या वायुगतिशास्त्रज्ञाने केला आणि ते तंत्र ब्रिटनपर्यंत कसं पोचलं ते १९८५ मध्ये लिहून ठेवलं.

मराठी माणसाचा बेंगळूरूशी संबंध शहाजीराजांच्या जहागिरीपासून, म्हणजे १६३८ पासूनचा. विमानांच्या बाबतीत तो सोलापूरच्या वालचंद हिराचंदांपासून धरावा लागेल. त्यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारच्या साथीने हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी इथे काढली. तिथे आराखड्याच्या टेबलाशी बसले ते कोल्हापूर जिल्ह्यातले डॉ. विष्णू माधव घाटगे. १९०८ चा जन्म, जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली १९३६ मध्ये डॉक्टरेट. त्यांचं इथलं पहिलं काम म्हणजे इंजिनाविना उडणारं ग्लायडर, जी-१. पुढे ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांचं एचटी-२ हे प्रशिक्षण विमान आकाशात गेलं आणि हवाई दलाच्या कित्येक पिढ्या त्यावर उडायला शिकल्या. मोठं विमानसुद्धा लाकडात करून पाहायची रीत या कारखान्यात होती. एचएफ-२४ मारुत या लढाऊ विमानाचा धातूचा सांगाडा उभा राहण्याआधी त्याच मापाचं लाकडी ग्लायडर बनवलं गेलं. १९५९-६० मध्ये डाकोटा विमानाच्या मागे दोरीला बांधून ते ७८ वेळा उडवलं. मैदानावर दोरी ओढत धावणारा आणि डाकोटा, दोघांचं काम एकच.

घाटगे १९९१ मध्ये गेले. एरोनॉटिकल सोसायटी त्यांच्या नावाचा पुरस्कार देते आणि त्याच कंपनीच्या, म्हणजे आताच्या एचएएलच्या बेंगळूरूतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. मोठ्या विमानवाल्यांच्या स्मृती अशा इमारतींत राहतात. छोट्या विमानवाल्यांचं स्मारक हातात धरता येतं. कधी ते विमान असतं, तर कधी नुसतं त्या विमानाला दिलेलं नाव. त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण बेंगळूरूपासून फार दूर घडलं.

एका शेताचं नाव

अमेरिकेतल्या मेरीलँडमधले मेनार्ड हिल हे व्यवसायाने संशोधक आणि मॉडेल विमानांचे २५ जागतिक विक्रम नावावर असलेले गृहस्थ. उतारवयात त्यांनी ठरवलं की मॉडेल विमानाने अटलांटिक ओलांडायचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार इंधनासकट विमानाचं वजन पाच किलोच्या आत हवं. हिल यांनी बाल्साचा सांगाडा केला, दहा घनसेंटिमीटरच्या छोट्या इंजिनाला थेंबाथेंबाने जगायला शिकवलं, कंदिलात जाळायचं स्वच्छ इंधन वापरलं आणि एकूण वजनातलं जवळजवळ निम्मं इंधनालाच दिलं. दिशा पाहायला उपग्रहाच्या खुणांवर चालणारा स्वयंचालक.

अशी विमानं तासन्‌तास उडवून पाहायची तर मोकळी जमीन हवी. ती मिळाली बीचर बट्स यांच्या शेतात. शेतमालकाने आपली जागा या मंडळींना चाचण्यांसाठी खुली ठेवली होती. अटलांटिक एकट्याने पार करणाऱ्या लिंडबर्गच्या विमानाचं नाव होतं ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’. त्याच धर्तीवर हिल यांनी आपल्या विमानाचं नाव ठेवलं ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. एका इंजिनावर, एका पंखावर आणि एका मित्राच्या शेतावर त्यांनी सगळं लावलं.

त्याआधीची विमानं समुद्राने गिळली होती. ९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या केप स्पिअरवरून पाचव्या विमानाची पाळी आली. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं आणि ऐकूही फारसं येत नव्हतं. विमान हवेत भिरकावलं त्यांनीच. त्यानंतर ट्रान्समीटर होता सहकारी जो फॉस्टर यांच्या हाती. विमान उंचीवर गेल्यावर त्यांनी ते स्वयंचालकाच्या हवाली केलं. मध्येच काही तास विमानाकडून खबरच येईना. समुद्रापलीकडे आयर्लंडच्या क्लिफडनजवळच्या किनाऱ्यावर डेव्ह ब्राउन दुसरा ट्रान्समीटर घेऊन आकाशाकडे डोळे लावून उभे होते. ११ ऑगस्टला ठिपका दिसला. ३८ तास ५२ मिनिटांच्या आणि सुमारे ३,०३० किलोमीटरच्या प्रवासानंतर ब्राउन यांनी ते गवतावर उतरवलं. टाकीत इंधन उरलं होतं ते जेमतेम काही चमचे. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन (हे ब्राउन वेगळे) या वैमानिकांनी विनाथांबा अटलांटिक पार करून विमान उतरवलं ती जागाही तिथून जवळच आहे.

हिल २०११ मध्ये गेले. सोडणारा एक, उडवणारा दुसरा, उतरवून घेणारा तिसरा आणि शेत देणारा चौथा. विक्रमाच्या नोंदीतलं नाव एकट्या हिल यांचं आहे. विमानावरचं नाव मात्र शेताचं.

बेंगळूरूची हवा

असं शेत बेंगळूरूत आता कुठे मिळणार? समुद्रसपाटीपासून नऊशे वीस मीटरच्या जवळपास वसलेल्या या शहराची हवा मुळातच आठ-नऊ टक्के विरळ. पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाला दम कमी पडतो, म्हणून इथलं विमान अंगाने आणखी सडपातळ असावं लागतं. आषाढात पश्चिमेचा वारा असा सुटतो की पोरं पतंग काढतात (इथला पतंगांचा मोसम संक्रांतीचा नव्हे, आषाढाचा) आणि मॉडेलवाले विमानं माळ्यावर ठेवतात. उरलेल्या महिन्यांत वारा निजलेला असताना, भल्या पहाटे उडवायचं. मोटर, तारा, बॅटऱ्या हव्या असतील तर चामराजपेटपासून एसपी रोड फार लांब नाही. सुट्या इलेक्ट्रॉनिक मालाची ती जुनी बाजारपेठ.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड. ज्या शहराने देशाला विमानं बांधायला शिकवलं, त्याच शहराच्या आकाशात विमानतळांची गर्दी आहे: एचएएलचा, १९४८ पासूनचा जक्कूरचा, हवाई दलाचा येलहंक्याचा आणि २००८ मध्ये सुरू झालेला देवनहळ्ळीचा. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनी २५ किलोपर्यंतच्या, नजरेच्या टप्प्यात राहून शिक्षणासाठी, संशोधनासाठी किंवा हौसेसाठी उडवायच्या दूरनियंत्रित मॉडेलांची वेगळी व्याख्या केली आणि प्रमाणपत्राचं ओझं त्यांच्यावरून उतरवलं. तरी विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. नकाशावर ही सगळी वर्तुळं काढून पाहिली की शहराच्या बाहेर गाडी का काढावी लागते ते कळतं. पहाटे चारला उठून, गाडीच्या मागच्या बाकावर पंख आडवे ठेवून, मोकळ्या माळापर्यंत दीड तास जायचं. त्या दीड तासात शेजारी कोण बसलंय याला म्हणूनच महत्त्व. उड्डाण दहा मिनिटांचं. मैत्री बहुतेक त्या प्रवासातच मुरते.

माळ्यावरचा डबा

असा सोबती गेला की त्याच्या घरी एक प्रश्न उरतो. या सगळ्याचं करायचं काय? माळ्यावर फळ्यांचे गठ्ठे, बिस्किटाच्या डब्यात इंजिनं, पिवळे पडलेले आराखडे, एका पंखाचं अर्धवट विमान. घरच्यांना त्यातलं काय मोलाचं ते ठाऊक नसतं. रद्दीवाल्याला तर सगळंच वजनावर. इथे पुन्हा दुसऱ्या माणसाची गरज लागते. कुठल्या इंजिनाचा स्क्रू किती पिळायचा, कुठला आराखडा पुरा झाला आणि कुठला नुसता मनात राहिला, हे त्यालाच माहीत.

काही साध्या गोष्टी मात्र घरच्यांनीही लक्षात ठेवाव्यात. जुनं इंजिन हाताने फिरत नसेल तर ते बिघडलं असं समजू नये. आतलं एरंडेल वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. बाहेरून हलकी ऊब आणि चार थेंब पातळ तेल दिलं की बहुतेक वेळा सुटतं. जोर लावून प्रोपेलर पिळला तर मात्र आतला दांडा तुटतो. ईथर असलेल्या इंधनाची बाटली घरात ठेवू नये, ती भडका घेते. फुगलेली लिथियम बॅटरी चार्जरला लावू नये आणि कचऱ्याच्या डब्यातही टाकू नये. ती ई-कचऱ्यात द्यावी. बाल्सा कोरड्या जागी राहिलं तर वर्षानुवर्षं टिकतं, पण ओल लागली की जड आणि वाकडं होतं. आराखडे गुंडाळून ठेवावेत, घड्या घालू नयेत. घडीची रेघ पुढे फासळीच्या मापात उतरते.

जगभरच्या मॉडेल क्लबांत दिवंगत सभासदाच्या नावाने स्पर्धा भरतात, चषक ठेवतात. त्यापेक्षा घरगुती रीत म्हणजे त्याचं अर्धवट राहिलेलं विमान पुरं करून एकदा उडवणं. त्यात एक अडचण येतेच. मित्राच्या हाताच्या सवयी वेगळ्या असतात. तो फासळ्या किंचित जाड ठेवी, गोंद जास्त लावी, शेपटीला अर्धा अंश जास्त कोन देई. पुरं करणाऱ्याला पहिल्यांदाच कळतं की इतकी वर्षं आपण ज्या चुकांवरून त्याला हिणवलं, त्यातल्या काही चुका नव्हत्याच.

तेव्हा चामराजपेटमध्ये, पुण्यात, सांगलीत, कुठेही माळ्यावर असा डबा असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तो ज्याचा होता त्याच्या उडवणाऱ्या सोबत्याला फोन करा. तो सापडला नाही तर जवळच्या कॉलेजातल्या एनसीसीच्या हवाई शाखेत विचारा. इंजिनं आणि आराखडे तिथल्या पोरांच्या हाती लागले तर वाया जाणार नाहीत. आणि देताना एकच करा: पंखावरची ती चिठ्ठी खरवडू नका. नव्या मालकाचं नाव तिच्या खाली लिहायला सांगा.